आमच्या मुलांचे प्रकल्प करतो कोण?



हा लेख वाचून काही घरांत नाराजी होणार, याची कल्पना आहे. पण पत्रकात दर खेपेस सत्काराचे फोटो आणि सणांच्या शुभेच्छाच छापायच्या असतील तर पत्रक काढायचे तरी कशाला?

मध्यंतरी आपल्या भागातल्या एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन पाहायला गेलो होतो. शाळेचे नाव देत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. आपल्याच समाजातला आठवीतला एक मुलगा ज्वालामुखीच्या प्रतिकृतीमागे उभा होता. पाठ केलेली माहिती त्याने इंग्रजीतून न अडखळता म्हणून दाखवली. मी मराठीत विचारले, "व्हिनेगरऐवजी लिंबाचा रस घातलास तर फेस कमी येईल की जास्त?" मुलगा आईकडे बघू लागला. आई हसून म्हणाली, "अहो काका, तयारच आणलंय ते वापीहून." यात लपवण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नाही. त्या ज्वालामुखीला बक्षीसही मिळाले.

आता याच्या शेजारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद ठेवून पाहा. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने ती १९९३ पासून भरते. १० ते १७ वर्षांची मुले दोघा-दोघांच्या गटाने, शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली, आपल्याच गावातला एखादा प्रश्न घेतात. मोजमाप करतात, रोजच्या नोंदींची वही ठेवतात, अहवाल लिहितात आणि परीक्षकांसमोर उभे राहून उत्तरे देतात. तिथे विकतचा ज्वालामुखी चालत नाही. ही परिषद संविधानाने मान्य केलेल्या भारतीय भाषांतून प्रकल्प मांडू देते, म्हणजे मराठीतूनही. "मराठी माध्यमामुळे मूल मागे पडलं" हे आपले आवडते गाऱ्हाणे इथे कसे टिकणार? मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी १९८१ पासून आहे. तीही मराठीतून देता येते, आणि तिच्या शेवटच्या टप्प्यात कृतिसंशोधनाचा प्रकल्प असतो. सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेने मुलांच्या मूळ कल्पना कळवायच्या असतात, आणि निवड झाली तर १०,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. आपल्या घरांतल्या किती जणांनी मुलाच्या शाळेत जाऊन "तुम्ही कल्पना कळवल्यात का?" असे विचारले आहे? शिकवणीची फी भरायला मात्र आपण रांगेत उभे असतो.

यावर ठरलेले उत्तर येते, "नीटमध्ये याचे गुण मिळतात का?" नाही मिळत. सिल्वासात २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून तर प्रत्येक घरात आठवीपासूनच डॉक्टर दिसू लागला आहे. डॉक्टर होऊ नका असे कोण म्हणतो? पण थोडा इतिहास पाहा. १९६३ साली राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू झाली तेव्हा लेखी परीक्षेबरोबर मुलाने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही द्यावा लागे. पुढे योजनेचे रूप बदलले, प्रकल्प गळाला, उरली ती पर्यायांवर खुणा करण्याची परीक्षा, आणि तिच्याभोवती शिकवण्यांची दुकाने उभी राहिली. ती परीक्षा २०२१ साली थांबली. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची परीक्षा २०२२ साली बंद झाली. त्यांच्यासाठी घेतलेल्या जाडजूड पुस्तकांची रद्दी झाली. ज्या मुलाने वर्षभर एका विहिरीचे पाणी तपासले, त्याचे शिकणे मात्र कोणत्या परिपत्रकाने रद्द होत नाही.

"पण आमच्या मसाटमध्ये संशोधनाला काय आहे?" असेही विचारतात. मला तर हसावे की रडावे कळत नाही. मसाटला औद्योगिक वसाहत आहे, दिवसरात्र ट्रकांची ये-जा आहे, जवळून दमणगंगा वाहते, वर मधुबन धरण आहे. दिवाळीनंतर पाऊस थांबला की रस्त्याकाठचा एक साग, दोनशे मीटर आतला एक आणि आणखी आतल्या वाडीतला एक असे तीन साग निवडा. सारख्या उंचीवरची दहा-दहा पाने तोडा, आलेखाच्या कागदावर ठेवून क्षेत्रफळ मोजा, शुद्ध पाण्याने धुवा, ते पाणी आटवा आणि उरलेली धूळ शाळेच्या तराजूवर तोला. दर पंधरवड्याला हेच करा, साग पाने गाळू लागेपर्यंत. खर्च जवळजवळ नाही. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस किती येतो, हे मोजून कठीणपणा काढता येतो. धरणाच्या वरचे आणि शहराच्या खालचे नदीचे पाणी किती गढूळ, किती आम्ल, याच्या नोंदी ठेवता येतात. खानवेलकडच्या वारली-कोकणा घरांत नागली-वरईचे बियाणे किडीपासून कसे राखतात, त्यातले कोणते उपाय खरेच चालतात, हे दोन डब्यांत बी ठेवून तपासता येते. या शेवटच्या विषयात त्या पाड्यांवरची मुले आपल्या मुलांच्या चार पावले पुढे असतील. त्यांना जोडीदार म्हणून घ्या, मदतनीस म्हणून नव्हे. आपण स्वतःला इथले जुने रहिवासी म्हणवतो. वारल्यांपुढे आपण कालचे पाहुणे.

आता खरी अडचण बोलतो, जी बैठकीत कोणी बोलत नाही. आपल्यातले निम्मे लोक याच कारखान्यांत नोकरीला आहेत, काहींचे स्वतःचे गाळे आहेत. मुलीने पानावरची धूळ मोजली आणि ती वडिलांच्याच फाटकाजवळ सर्वांत जास्त निघाली, तर? मग "कशाला नसती भानगड" म्हणून विषय बदलला जातो आणि वापीहून ज्वालामुखी येतो. वापी आपल्याला हाकेच्या अंतरावर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात अंकलेश्वरच्या खालोखाल वापीचा क्रमांक होता, १०० पैकी ८८.०९. तो आकडा मोजणाऱ्यांनी काढला, म्हणून पुढे काही बोलता तरी आले. आपल्याकडे मोजायला शिकलेली दहा मुले असती तर प्रशासनापुढे जाताना आपल्या हातात नुसते निवेदन नसते, वही असती.

दरवर्षी २ ऑगस्टला आपण १९५४ च्या मुक्तिसंग्रामाची आठवण काढतो. सुधीर फडके, राजा वाकणकर यांच्यासारखी माणसे तुटपुंज्या साधनांनिशी इथवर आली होती. त्यांच्या तसबिरीला हार घालून झाल्यावर आपण मुलांना सांगतो, "नसत्या भानगडीत पडू नको."

आणखी एका गोष्टीपासून सावध करतो. दहावी-बारावीच्या मुलांना पैसे घेऊन संशोधन 'करून देणारे' लोक आता मोबाइलवरच भेटतात. परदेशी प्रवेशाचे आमिष दाखवतात, अहवाल तयार देतात. अमेरिकेत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान व अभियांत्रिकी मेळ्यापर्यंत भारतातली शाळकरी मुले राष्ट्रीय फेरी जिंकून पोहोचतात. तिथे प्रयोगाआधी आराखडा लिहून द्यावा लागतो, माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग असेल तर आधी परवानगी लागते, आणि परीक्षक मुलाला एकट्याला गाठून विचारतात, "हा आकडा चुकला तेव्हा तू काय केलंस?" विकतच्या अहवालात आकडा चुकलेलाच नसतो. पोरगे तिथेच उघडे पडते.

मंडळाकडे माझी मागणी साधी आहे. गुणगौरवाच्या शाली, श्रीफळे आणि जेवणावर जो पैसा जातो त्यातला अर्धा यंदा काढून ठेवावा. एक चांगला तराजू, पाणी तपासण्याचे साहित्य आणि दोन पर्जन्यमापक घ्यावेत, आणि रविवारी सकाळी मंडळाची खोली मुलांना उघडी ठेवावी. आपल्यातल्या रसायन कारखान्यांतल्या केमिस्ट मंडळींनी महिन्यातून दोन तास द्यावेत. फक्त हात लावायचा नाही, मुलांनाच करू द्यायचे. शिक्षण खात्याला पत्र लिहून विचारावे की बालविज्ञान परिषदेची सूचना गेल्या तीन वर्षांत कोणत्या शाळांना पोहोचली आणि किती शाळांनी प्रकल्प पाठवले. शाली बंद झाल्या तर कोणाचा सत्कार कसा करायचा, असा प्रश्न येईल. मुलाची नोंदवही टेबलावर ठेवा आणि त्याला दहा मिनिटे बोलू द्या.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक मिळालेला नाही. ज्यांना द्यायचे असेल त्यांनी सभेआधी सचिवांकडे नाव कळवावे, आणि ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो सभेत उभे राहून बोलावा, पार्किंगमध्ये नको.

एक सभासद, मसाट