राणीछाप रुपयाचा वाजवी भाव कोणता?

हातात चार पैसे शिल्लक पडले की ते चांदीत घालावेत, ही आपल्या कारागीर घरांची जुनी रीत. पूर्वी त्यासाठी सराफाची पेढी होती. आता मोबाइलवर जुन्या चांदीच्या रुपयांचे फोटो दिसतात आणि लोक घरबसल्या मागवतात. मागवायला हरकत नाही. पण फोटोखाली लिहिलेला भाव वाजवी आहे की नाही, हे कोणत्या हिशेबाने ठरवावे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

आम्ही कापडवाले. तागा समोर आला की आधी सूत पाहतो, मग पन्हा, मग वजन. छाप आणि रंग शेवटी. नाण्यालाही हाच कायदा लावावा असे आमचे मत आहे. आधी धातू, मग दुर्मिळता, मग हालत. विकणाऱ्याने सांगितलेली कहाणी या हिशेबात कुठेच येत नाही.

प्रथम धातू. इंग्रजी अमलातील रुपया १८३५ पासून ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा होता. त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणून शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० साली सरकारने वजन तेच ठेवून चांदी निम्म्यावर आणली. १९४० ते १९४५ सालच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम भरते. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. हिशेबाच्या सोयीसाठी चांदी किलोला एक लाख धरली, तर १९१८ च्या रुपयात १,०६९ रुपयांची चांदी आहे आणि १९४४ च्या रुपयात ५८३ रुपयांची. दोन्ही वजनाला सारखे, पण मोडीच्या भावात जवळजवळ निम्म्याचा फरक. ज्या दिवशी माल घ्यायचा त्या दिवशीचा दर घालून हा गुणाकार आधी करावा. हा झाला भावाचा पाया.

पायाच्या वर किती द्यायचे, हे दुर्मिळतेवर अवलंबून. येथे लोक फसतात, कारण 'जुने' आणि 'दुर्मिळ' हे एकच असे ते समजतात. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसेच छापले जात होते. म्हणून १८६२ चा रुपया जुना असला तरी विपुल आहे. १९१८ साली अमेरिकेने पिटमन कायदा करून सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी ब्रिटनला विकली. त्या काळचे रुपये आजही पेटीपेटीतून निघतात. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया पाहा. राजाच्या अंगरख्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून मुसलमानांत नाराजी पसरली, सरकारने नाणे मागे घेतले आणि १९१२ पासून चित्र सुधारले. त्यामुळे १९११ च्या रुपयाला जास्त भाव मिळतो आणि तो रास्त आहे. १९३९ चा रुपया तर फारच विरळा. पण म्हणूनच त्याची नक्कलही फार होते. तो जाणकाराला दाखविल्याशिवाय घेऊ नये.

तिसरी गोष्ट हालत. हारात ओवण्यासाठी कडी लावलेले, टाक्याचा डाग असलेले, भोक बुजवलेले किंवा घासून चकाकवलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने उतरलेलेच. अशा नगाला चांदीच्या भावापेक्षा फार जास्त देऊ नये.

माल घरी आल्यावर परीक्षा सोपी आहे. लोहचुंबक चिकटला तर चांदी नव्हे. मिलिग्रॅमच्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने टांगून, तळाला न टेकवता बुडवावे. ९१.७ टक्क्यांच्या पूर्ण वजनी रुपयाला काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवील. तेवढ्याच वजनाच्या, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याला १.३० च्या आसपास. एवढ्या परीक्षेने मुलाम्याचा माल तरी उघडा पडतो.

काही सौद्यांपासून लांबच राहावे. कंपनी सरकारच्या नावाचे राम दरबारचे 'नाणे' लाखोंना विकायला काढतात, पण कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. तुमचे जुने नाणे लाखात घेतो, आधी कमिशन किंवा कर भरा, असे सांगणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच इशारा दिला आहे. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब कळवावे. शिवाय शंभर वर्षांवरील नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते परदेशी पाठविण्याचा सौदा करू नये.

कोणी म्हणेल, घेणारा राजी आणि देणारा राजी, मग तिसऱ्याने भाव का ठरवावा? आमचे उत्तर असे की, माहितीशिवाय दिलेली रजामंदी ही रजामंदी नव्हे. निम्म्या चांदीचा रुपया पूर्ण चांदीचा म्हणून घेणाऱ्या विणकराची रोजंदारी त्या सौद्यात जाते. आणि घरातला १९११ चा रुपया मोडीच्या भावात देणाऱ्या विधवेचेही तेवढेच नुकसान होते. वाजवी भाव दोन्ही बाजूंनी वाजवी असावा लागतो.

म्हणून आपल्यातले जे बंधू हा व्यापार करू लागले आहेत, त्यांना आमची सूचना आहे. फोटो दोन्ही बाजूंचा आणि कडेचा द्यावा, वजन व चांदीचे प्रमाण लिहावे, ऐब असेल तो आधी सांगावा आणि माल परत घेण्याची मुदत ठरवून द्यावी. घेणाऱ्यांनीही मागितलेल्या किमतीवर न जाता, तसेच नाणे लिलावात प्रत्यक्ष किती रुपयांना गेले ते पाहावे. मागणारा काहीही मागू शकतो. बाजारभाव म्हणजे ज्या किमतीला माल खरोखर विकला गेला ती किंमत.