पाटे चढवून पांदण बुजत नाही



गेल्या तालुका बैठकीला आवारात पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या. जुन्या जीपा, पिकअप, दोन-तीन टेम्पो. चार सोडल्या तर सगळ्यांची शेपटी विंचवासारखी वर. बैठक सुरू व्हायच्या आधी एकच चर्चा : तुझी किती उचलली? कोणी चार बोटे सांगत होता, कोणी वीतभर. कापसाच्या भावाची चौकशी नंतर. आम्हीही त्या घोळक्यात होतो, आमच्याही गाडीला एक पाटा परका आहे. तेव्हा हे लिहितो ते दुसऱ्याला बोल लावायला नव्हे.

काही कार्यकर्ते म्हणतील, संघटनेचा कार्यक्रम एककलमी, शेतीमालाला रास्त भाव. त्यात पाटे आणि यू-बोल्ट कुठून आले? आले ते असे. हमीभाव बाजाराच्या दारात मोजला जातो. वावरापासून त्या दारापर्यंतचा खर्च आमच्या खिशातून जातो. त्या वाटेवर तुटलेला पाटा, फाटलेला टायर, उलटलेली गाडी, मोडलेला पाय, हे सगळे भावातूनच वजा होते. फक्त ते कोणत्या पावतीवर लिहिलेले नसते.

आता पाट्यांचे बघू. गाडीची मागची बाजू बसायला लागली की आपण महामार्गावरच्या भंगारवाल्याकडे जातो. कोणत्या ट्रकचा, कोणत्या टेम्पोचा, विचारत नाही. रुंदी जुळली की झाले. लांबी जास्त असली तर कापतो, बाक कमी असला तर भट्टीत घालून ठोकतो, सेंटर बोल्टचे भोक जुळत नसेल तर गॅसने मोठे करतो. दोनशे रुपये वाचले म्हणून खूश होऊन घरी येतो.

यात काय चुकते ते ऐका. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. सहा मिलिमीटरच्या पाट्यांत तेवढ्याच लांबी-रुंदीचा आठ मिलिमीटरचा एक घातला, तर तो एकटा सव्वादोन पाट्यांहून जास्त ताठ. आपल्याला वाटते, जाड आहे, तो टिकेल, बारीक तुटतील. उलटे आहे. सगळे पाटे एकत्र बांधलेले, सगळे सारखेच वाकतात. सारखे वाकताना जाड पाट्यावर ताण जास्त येतो, आठवर सहाच्या सव्वा पटीहून अधिक. पोलाद सारखे असेल तर पहिला जाईल तो जाडच. आणि तो भट्टीतून काढलेला असेल तर त्याचे पाणी आधीच उतरलेले असते. पाट्याला वेल्डिंग मारणाऱ्या फिटरकडे तर पुन्हा पाय ठेवू नका.

कारखान्यात पाटे बसवतात तेव्हा खालचा प्रत्येक आखूड पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकलेला ठेवतात. बोल्ट आवळला की मेन पाट्याला उलट ताण मिळतो आणि वजन आल्यावर त्याचा भार हलका होतो. डोळे आणि बुश मेन पाट्यालाच असतात, अख्खे चाक जागेवर धरतो तो तोच. परका पाटा मध्ये घुसला की हा हिशेब मोडतो. मेन पाटा डोळ्याजवळ तुटला तर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे.

बरे, एवढे करून मिळाले काय? आमच्या काळ्या मातीतल्या पांदणीत चाकोरी गुडघाभर आणि मध्ये वरंबा. त्या वरंब्याला घासतो तो डिफरन्शियलचा गोल डबा. तो अ‍ॅक्सलवर आहे, हौद्यावर नाही. पाटे किती का चढवा, ठोकळे घाला, तो जमिनीपासून जितका होता तितकाच राहतो. तो उचलायचा तर चाक मोठे लागते. म्हणजे आम्ही उचलला तो फक्त माल. कापूस हलका, पण त्याचा ढीग छपराच्या वर जातो. कडब्याच्या पेंढ्यांचे तेच. आधीच उंच असलेले ओझे आणखी वीतभर वर नेऊन आम्ही नाल्याच्या उतारावर गाडी तिरकी घालतो.

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकच्या नळीवर वजन ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. अ‍ॅक्सल आणि चासी यांतले अंतर कमी झाले की त्याला कळते, माल भरला, मागचा ब्रेक जोरात लावा. आम्ही पाट्यांनी ते अंतर वाढवून ठेवले. आता हौदा शिगोशीग भरला तरी व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे. मागचा ब्रेक अर्धवट लागतो, सगळा भार पुढच्या चाकांवर. फिटर याबद्दल बोलत नाही, कारण आपण विचारत नाही. शिवाय शेपटी वर गेली की पुढचे दिवे रस्त्यात नाक खुपसतात, शाफ्टचा कोन बदलून क्रॉस खातो. ते किरकोळ म्हणू.

आमच्यातल्याच एकाची गाडी मागच्या वेच्याला नाल्यात कलंडली. कापसावर वेचणीच्या तीन बाया बसलेल्या. जीव वाचले. एकीचा पाय मांडीत मोडला, ती पुढे हंगामभर कामावर आली नाही. गाडीवाल्याने दवाखान्याचे पैसे दिले, पण तिच्या बुडलेल्या रोजाचे कोणी दिले नाहीत. खाली वाकून पाहिले तर आठ पाट्यांत तीन जातीचे पाटे, आणि तुटलेला होता तो सगळ्यांत जाड. आजवर काही झाले नाही, हे वाक्य तोही त्याच सकाळपर्यंत म्हणत होता.

म्हणून काय आरटीओच्या बाजूने बोलायचे? मुळीच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदणीपेक्षा वेगळा फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी घट्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एक पाटा वाढवणे यात बसते की नाही हे वकील ठरवतील, पण चौकीवर उभा असलेला वकील नसतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मोठ्या मालट्रकांच्या अ‍ॅक्सलवरची वजनमर्यादा वाढवून दिली, ती मोठ्यांची अडचण होती म्हणून. आमची अडचण पांदणीत रुतलेली, तिथे दिल्लीची नजर पोचत नाही.

शहरातली हौशी मंडळीही जीपा उचलतात, सुट्टीच्या दिवशी चिखल शोधत हिंडायला. ते जोडीचे पाटे, जोडीचे शॉकॲब्सॉर्बर विकत घेतात. आम्हाला चिखल शोधावा लागत नाही. तो दाराशी येतो.

आणि हा चिखल फुकट नाही, त्याचे पैसे आम्ही भरले आहेत. १९९९ साली डिझेलवर लिटरमागे एक रुपया रस्त्यांसाठी म्हणून बसवला, पुढे तो वाढत गेला. वावर नांगरणारा ट्रॅक्टर डांबरावर एक हातही चालत नाही, तरी तो रस्त्याचा पैसा भरत आला. २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने डिझेलच्या त्या पैशातला अर्धा वाटा ग्रामीण रस्त्यांना ठेवला, डिसेंबर २००० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना आली. तिने वस्त्या जोडल्या, हे कबूल. पण कापूस वस्तीत पिकत नाही. वस्तीपासून वावरापर्यंतची पांदण त्या योजनेत नाहीच. राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली, ती रोजगार हमीच्या साठ-चाळीसच्या हिशेबाला टांगून. खोल काळ्या मातीत मुरूम, दगड आणि रोलर लागतो. नुसती माती ओढून मजुरीचे साठ टक्के भरले तर पहिल्या पावसात पुन्हा चाकोरी. मग आम्ही पुन्हा भंगारवाल्याकडे.

सरकारने जिथे मुरूम टाकायचा तिथे आम्ही पोलाद टाकतो, तेही दुसऱ्याच्या गाडीचे. सरकारला हे फार सोयीचे आहे. उंच शेपटीची गाडी दिसली की आम्ही तिला मर्दुमकी म्हणतो, ती खरे तर न झालेल्या रस्त्याची पावती आहे.

तेव्हा दोन कामे. परके पाटे काढा, आपल्या मॉडेलचा पूर्ण जोड दोन्ही बाजूंना एकदम बसवा, यू-बोल्ट नवे घ्या, आणि व्हॉल्व्हचा दांडा तपासून घ्या. तोवर वेचणीच्या बायांना मालावर बसवू नका. दुसरे, जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावच्या पांदणींची यादी आणा. गट नंबर, लांबी, नकाशावर आहे की नाही, कोणी अडवली आहे का. अडवलेल्या वाटेसाठी मामलेदार न्यायालय कायदा १९०६ च्या कलम ५ खाली, आणि बांधावरून वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज होतो. अर्जाचे नमुने बैठकीत मिळतील. ज्यांच्याकडे तुटलेले पाटे पडले असतील त्यांनी तेही पिशवीत घालून आणावेत. बैठक संपल्यावर ते सगळे मिळून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे आहेत.