कागद जपला, पण सापडेल काय?

सरकारी कचेरीत काय, बँकेत काय आणि विद्यापीठात काय, जुन्या कागदांचा विषय निघाला की हल्ली एकच उत्तर मिळते : ‘सगळे स्कॅन करून टाकू.’ हे उत्तर ऐकून बहुतेकांचे समाधान होते. खोलीभर पसरलेले दप्तर तळहातावर मावेल एवढ्या डबीत गेले म्हणजे काम फत्ते झाले असे वाटते. आमचे म्हणणे एवढेच की, कागद राखणे आणि कागद सापडणे ही दोन निरनिराळी कामे आहेत; आणि बडोद्यासारख्या शहराने तरी त्यांची गल्लत करू नये.

दप्तर, फडणीस, चिटणीस, पारसनीस, दप्तरदार हे सारे शब्द फारशीतून आले आणि मराठीत असे रुजले की त्यांची आडनावे झाली. ज्या समाजात कागद सांभाळणाऱ्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या घराण्याचे नाव म्हणून चालते, त्या समाजाला त्या कामाची किंमत ठाऊक होती असे म्हणायला हरकत नाही. कागद घड्या घालून चौकोनी फडक्यात बांधत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद ठेवणे ही बारनिशी. कागद कोणत्या रुमालात आहे हे नोंदीवरून कळे, आणि नोंदीतून न कळले तर दप्तरदाराच्या डोक्यातून कळे.

या व्यवस्थेवर लोकांचे अन्न अवलंबून होते. १८१८ साली पेशवाई गेली आणि पुण्याचे दप्तर इंग्रजांच्या हाती आले. पुढे इनाम कमिशन बसले व १८५२ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले, तेव्हा इनामदारांचे दावे याच दप्तराशी ताडून पाहिले गेले. दप्तरात नोंद सापडली त्याची जमीन टिकली. सापडली नाही त्याला ती गमवावी लागण्याची पाळी आली. कागद होता, पण सापडला नाही, ही सबब त्या वेळी चालली नाही आणि आजही चालत नाही. वारसाची नोंद, घराची सनद, देवस्थानची नेमणूक, निवृत्तिवेतनाचा हुकूम यांपैकी एखादी गोष्ट शोधण्यासाठी ज्याने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्याला हे वेगळे सांगायला नको.

आता यंत्राचा पक्ष घेऊ. त्याचे गुण कमी नाहीत. कागदाला वाळवी लागते, कसर लागते, घडीवर तो फाटतो. प्रतिमेला यातले काही होत नाही. मूळ कागदाला हात न लावता तो शंभर जणांना एकाच वेळी वाचता येतो. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला, पोथ्यांची नासधूस झाली, तेव्हा दुसरी प्रत असणे म्हणजे काय हे साऱ्या महाराष्ट्राला कळले. बडोद्यातला कागद ग्वाल्हेरच्या किंवा तंजावरच्या अभ्यासकाला घरबसल्या दिसावा, याहून चांगले ते काय?

परंतु दिसणार कसा? यंत्र शोधते ते अक्षरांवरून, आणि प्रतिमेत अक्षरे नसतात, अक्षरांचे चित्र असते. छापील इंग्रजी किंवा बाळबोध पान असेल तर त्या चित्रातून यंत्र अक्षरे ओळखू शकते. आमच्या दप्तरातला जुना कागद मात्र मोडीत आहे. बोरू न उचलता सरसर लिहिलेला, शब्दांत जागा न सोडलेला, आणि हात बदलला की वळण बदलणारा. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले तेच मुळी २०१४ साली. हस्तलिखित मोडी वाचणारी यंत्रे घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते यशस्वी व्हावेत. पण दप्तर त्यांच्या भरवशावर सोडून देण्याचे दिवस अजून आलेले नाहीत.

बरे, अक्षर लागले म्हणून कागद सापडतोच असेही नाही. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. त्या वर्षीचे कागद पाहावेत म्हणून कोणी यंत्राला १७७३ हा आकडा दिला तर हाती काय लागेल? कारण त्या काळच्या कागदावर तो आकडाच नसतो. असते ते ‘सन अर्बा सबैन मया व अलफ’, म्हणजे सुहूर सन ११७४. त्यात ५९९ मिळवले म्हणजे १७७३ चा मृग येतो आणि तेथून ते वर्ष सुरू होते. नावांची गत तीच. नाना फडणीस आपल्या पत्रांत बाळाजी जनार्दन असतात. गायकवाड शोधणाऱ्याला ‘सेनाखासखेल’ ही पदवी ठाऊक नसेल, तर आपल्याच राज्यकर्त्यांचे कागद त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जातील. हे जाणणारा माणूस मध्ये बसला, त्याने प्रत्येक कागदाला तारीख, लिहिणारा, ज्याला लिहिले तो, गाव आणि विषय एवढी पाच कलमे लावली, म्हणजेच पुढे यंत्राचा वेग उपयोगी पडतो. ही सूची नसेल तर रुमालातला अंधार डबीत भरला, एवढाच फरक.

पुण्याच्या पेशवे दप्तरात सुमारे ३५ हजार मोडी रुमाल आहेत. त्यांतून निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड सिद्ध केले ते रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी, ज्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे बडोद्याच्या नोकरीत गेली. हाताशी यंत्र नसताना हे घडले, कारण कागद वाचणारी आणि त्याचा संदर्भ लावणारी माणसे हाताशी होती.

सयाजीराव महाराजांना ही गोष्ट पुरती उमगली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले. पुस्तके विकत घेण्यासाठी अमेरिकेहून माणूस आणावा लागत नाही. तो आणला तो पुस्तकांचे वर्गीकरण करायला, सूची लावायला आणि हे काम येथल्या माणसांना शिकवायला. १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा आठ भाषांतील राज्यकारभाराचा कोश निघाला, त्यामागेही हीच दृष्टी होती. एका कचेरीत मराठी, गुजराती आणि इंग्रजी कागद शेजारी शेजारी पडणार, तर एका अर्थाचे शब्द एकमेकांशी जोडलेले असले पाहिजेत. आज संगणकाची माणसे ज्याला शोधसंज्ञा म्हणतात, त्याचीच ही तयारी होती. त्याच शहरात ‘आधी स्कॅन करू, यादीचे मागाहून पाहू’ असे ऐकावे लागावे, याचा खेद वाटतो.

मागाहून म्हणजे बहुधा कधीच नाही. प्रतिमांच्या फायलींना अनुक्रमांक देऊन काम पुरे झाल्याचा दाखला मिळतो, बिल निघते आणि विषय संपतो. त्यातच यंत्रे बदलतात. इंग्लंडात १०८६ साली झालेल्या जमीन-पाहणीचे ‘डूम्सडे बुक’ आजही वाचता येते. त्याच्या नवव्या शतकमहोत्सवानिमित्त बीबीसीने १९८६ साली तयार केलेल्या लेसर तबकड्या पंधरा-वीस वर्षांत वाचायला कठीण होऊन बसल्या, कारण त्या चालवणारी यंत्रेच दुर्मिळ झाली. घरोघरी पडलेल्या फ्लॉपी तबकड्यांची कथा याहून निराळी नाही. म्हणून, प्रतिमा घेतली की मूळ कागद रद्दीत घालावा असे सुचवणाऱ्यांना वेळीच आवरले पाहिजे.

सूची ही काही हौशी संशोधकांची चैन नव्हे. तो कायदा आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात चौथ्या कलमाचा आरंभच मुळी असा आहे की, प्रत्येक सार्वजनिक अधिकरणाने आपले अभिलेख रीतसर सूची व निर्देशिका करून ठेवावेत. संगणकीकरणाचा उल्लेख त्याच्यामागून येतो. कायदा करणाऱ्यांनी क्रम बरोबर ठेवला. तो उलटा केला आम्ही.

तेव्हा करावे काय? स्कॅनिंगचा ठेका देताना वर उल्लेखिलेली पाच कलमे भरल्याशिवाय पान मोजू नये आणि पैसेही देऊ नयेत. ती कलमे मराठी, गुजराती आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत शोधता यावीत. आणि सर्वांत निकडीची गोष्ट म्हणजे मोडी वाचणारी नवी पिढी तयार व्हावी. बडोद्यातल्या मराठी घरांतील मुले गुजराती आणि इंग्रजी सहज लिहितात. त्यांना मोडीचे वळण गिरवायला काही महिने पुरतील. वाचनाचा सराव मात्र वर्षांचा, आणि तो देऊ शकणारी जाणती माणसे आता थोडी उरली आहेत. मराठी संस्थांनी संमेलनांच्या खर्चातला थोडा भाग इकडे वळवला, विद्यापीठाने एखादा नियमित वर्ग चालवला, तर हे काम अशक्य नाही.

राज्य विलीन झाले त्याला १९४९ पासून पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. त्या राज्याने येथल्या माणसांशी काय व्यवहार केला, कोणाला काय दिले, कोणाकडून काय घेतले, याचा जबाब त्या कागदांत आहे. तो जबाब यंत्रात ठेवा की कपाटात, आमची तक्रार नाही. विचारणाऱ्याला तो काढून दाखवता आला पाहिजे. आणि त्यासाठी यंत्राच्या आधी वाचणारा माणूस नेमला पाहिजे.