प्रवासातला वाईट दिवस आणि ‘पॉझिटिव्ह’ राहण्याचा हट्ट

आज थोडा वेगळा विषय. औषधाचा नाही, स्वभावाचा. पण शेवटी तो औषधापाशीच येतो, म्हणून वाचा.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आम्ही अमेरिकेत भाच्याकडे गेलो होतो. मी, माझी पत्नी, ताई आणि भाऊजी. भाच्याने आठवडाभरासाठी आरव्ही भाड्याने घेतली होती. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत गॅस, फ्रिज, पलंग, इवलंसं शौचालय, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरही झोपायला जागा. लास व्हेगासहून निघायचं, किंगमन गावी जेवायचं आणि संध्याकाळी ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर पोहोचायचं, असा बेत होता. अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर.

किंगमन यायच्या आधीच मागचा टायर फुटला. बाहेर ३९ अंश तापमान, आजूबाजूला उघडं वाळवंट. गाडी देणाऱ्या कंपनीला फोन केला. मदत ‘एका तासात’ येणार होती. ती आली साडेतीन तासांनी.

त्या साडेतीन तासांत आम्ही सगळे फार छान वागलो. भाचा दर दहा मिनिटांनी म्हणे, “बी पॉझिटिव्ह! हीच तर मजा!” सूनबाईने गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या. मी विनोद सांगत होतो. कोणी चिडलं नाही, कोणी तक्रार केली नाही. अगदी आदर्श कुटुंब!

तासा-दीड तासाने भेंड्यांत भाऊजींचा आवाज येईनासा झाला. मी वळून पाहिलं. कपाळावर घाम, नजर हरवलेली. मी विचारलं, तर म्हणाले, “अरे, मी एकदम मस्त आहे. तू टायरचं बघ.” हात हातात घेतला तर गार आणि थरथरणारा. ग्लुकोमीटरवर साखर ५८.

भाऊजींना पंधरा वर्षांपासून मधुमेह. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती. नाश्ता निघायच्या गडबडीत अर्धाच झाला होता आणि जेवण किंगमनला होणार होतं. भूक लागल्याचं, हात कापत असल्याचं त्यांना केव्हाच जाणवलं होतं. मग बोलले का नाहीत? “सगळे एवढे आनंदात होते, म्हटलं मूड कशाला घालवायचा?”

लगेच फळांचा रस दिला. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासली, ती वर आली होती. मग ब्रेड आणि केळं खायला लावलं. तोवर ताईनेही कबुली दिली. सकाळपासून तिने जेमतेम दोन घोट पाणी प्यायलं होतं. का? तर शौचालय जावई-सुनांच्या बसण्याच्या जागेला लागून, मध्ये फक्त पातळ दार!

खरं सांगायचं तर सर्वांत जास्त लाज मला वाटली. तीस वर्षं लोकांना तपासतो आहे, आणि चार फुटांवर बसलेल्या माणसाला “काही खाल्लंत का?” एवढंही मी विचारलं नव्हतं. मी पॉझिटिव्ह राहण्यात मग्न होतो.

माझं मत

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे. अडचणीच्या दिवशी जबरदस्तीने आणलेली प्रसन्नता आरोग्याला धोकादायक असू शकते. कारण अशा वातावरणात तक्रार करणारा माणूस रंगाचा बेरंग करणारा ठरतो. मग मधुमेही भूक लपवतो, बाई लघवी दाबून ठेवते, हृदयरोगी छातीतलं जडपण ‘गॅस असेल’ म्हणून सोडून देतो आणि ड्रायव्हर डोळ्यांवर आलेली झोप लपवतो.

भावना दाबून ठेवण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, यावर स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी बराच अभ्यास केला आहे. चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्या माणसाच्या आतला ताण कमी होत नाही. उलट शरीराची ‘लढा किंवा पळा’ यंत्रणा जास्तच कामाला लागते. प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं, तर मात्र त्रास खरोखर कमी वाटतो. पण वेगळ्या नजरेने पाहायला आधी प्रसंग मान्य करावा लागतो. “आज आपली फजिती झाली आहे, जेवण लांबणार आहे, मला वैताग आला आहे,” हे मोठ्याने म्हणण्यात नकारात्मक काही नाही. तिथूनच उपाय सुरू होतात.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, मग सगळ्यांनी कुरकुर करत बसायचं का? तसं मुळीच नाही. सतत चिडचिड करणारा सहप्रवासीही डोकेदुखीच! माझं म्हणणं एवढंच की, मन आधी समजावू नका, आधी शरीर सांभाळा. उपाशी, तहानलेल्या, झोप न झालेल्या माणसाला सकारात्मक विचार सुचत नाहीत. त्यात त्याचा दोष नाही. प्रवासातली निम्मी भांडणं पोटात दोन घास गेल्यावर मिटतात, हा तुमचाही अनुभव असेल.

वाईट दिवस आला तर काय करावं?

१. गाडी थांबली की आधी सुरक्षित जागा, मग विचारपूस. प्रत्येकाला नाव घेऊन विचारा: पाणी प्यायलात? खाल्लंत? गोळी घेतली? लघवीला जायचं आहे? “सगळे ठीक ना?” असं विचारलं तर उत्तर नेहमी “हो”च येतं.

२. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेतलं असेल तर जेवण लांबवू नका. घाम, थरथर, अचानक चिडचिड किंवा गप्प होणं, ही साखर कमी झाल्याची लक्षणं असू शकतात. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा अर्धा कप फळांचा रस द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग पोटभर खायला द्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीची मदत बोलवा.

३. औषधं आणि ग्लुकोमीटर हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा. तापलेल्या बंद गाडीत इन्शुलिन खराब होतं.

४. तास-दोन तासांनी उतरून चार पावलं चाला. उतरता येत नसेल तर बसल्या जागी घोटे वर-खाली हलवा. खूप वेळ पाय लटकवून बसल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा अचानक दम लागला तर थांबू नका, डॉक्टरांना गाठा.

५. आरव्हीत जनरेटर चालू असेल तर त्याचा धूर आत येत नाही ना, हे पाहा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सगळ्यांचंच डोकं दुखू लागलं तर तो थकवा समजू नका, आधी बाहेर पडा.

६. राग आला तर दोन मिनिटं सावकाश श्वास घ्या, श्वास सोडायला जास्त वेळ द्या. नाडी खरंच मंदावते.

आणि सर्वांत महत्त्वाचं

टायर बदलून झाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. भाचा म्हणाला, “अजून तीन तास, सहज पोहोचू. बुकिंगचे पैसे वाया जातील.” तो पहाटे चारपासून जागा होता. सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया मद्य घेतलेल्या माणसासारखी मंदावते, हे संशोधनातून दिसलेलं आहे. ताशी ९० किलोमीटर वेगात चार सेकंद डुलकी लागली, तर गाडी शंभर मीटर कोणाच्याही ताब्याशिवाय जाते. त्यात ती गाडी म्हणजे अख्खं घर!

या वेळी मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं. भाचा थोडा वेळ रुसला. आम्ही किंगमनलाच मुक्काम केला, गरम सूप आणि खिचडी खाल्ली, आणि नऊ वाजता सगळे झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅनियनच्या काठावर उभे होतो. बुकिंगचे पैसे गेले. भाऊजी शेजारी उभे होते. मला हिशोब फायद्याचाच वाटला.

तुमच्याकडे आरव्ही नसेलही. गणपतीत कोकणात जाताना टेम्पो ट्रॅव्हलर घाटात अडकते, तेव्हाही हेच लागू आहे. पुढच्या वेळी कोणी “बी पॉझिटिव्ह” म्हणालं, तर जरूर व्हा. पण आधी शेजारच्याला विचारा, “काही खाल्लंत का?” आणि तुम्हाला कोणी विचारलं, तर खरं उत्तर द्या.

लांबच्या प्रवासाआधी गोळ्यांच्या वेळा आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. स्वतःच्या मनाने बदल करू नका. शुभ प्रवास!