ग्रंथातील स्थान आणि गावातील जमीन

गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली आदिग्रंथाचे संकलन केले, तेव्हा शीख गुरूंच्या वाणीबरोबरच शीख नसलेल्या पंधरा भक्तांची वाणीही त्यात समाविष्ट केली. विणकर कबीर, न्हावी सैन, खाटीक सधना, चर्मकार रविदास, पंजाबचे सूफी शेख फरीद आणि आपल्याकडील शिंपी नामदेव! एकट्या नामदेवांची ६१ पदे या ग्रंथात असून, त्यांच्या भाषेत मराठीच्या खुणा आजही ओळखू येतात. हा संग्रह म्हणजे नुसती गोळाबेरीज नव्हे. फरीदांच्या श्लोकांतील वैराग्य जेथे गुरूंना एकांगी वाटले, तेथे त्यांनी ते गाळले नाही. शेजारीच आपले उत्तर नोंदविले. मतभेदासह दुसऱ्याची वाणी पूज्य मानण्याचे असे उदाहरण धर्मग्रंथांच्या इतिहासात विरळाच सापडेल.

मग रविदासांच्याच अनुयायांपैकी एक मोठा गट या ग्रंथापासून दूर का गेला? मे २००९ मध्ये व्हिएन्ना येथे झालेल्या हल्ल्यात डेरा सचखंड बल्लाँचे संत रामानंद मृत्युमुखी पडले आणि ३० जानेवारी २०१० रोजी वाराणसीत 'रविदासिया' या स्वतंत्र धर्माची व केवळ रविदासवाणीच्या स्वतंत्र ग्रंथाची घोषणा झाली. व्हिएन्ना हे निमित्त होय. कारण बरेच जुने आहे. सर्वच रविदासपंथीयांनी ग्रंथसाहेब सोडला असे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ३२ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. जमिनीतील त्यांचा वाटा मात्र नगण्य आहे. ब्रिटिशांच्या १९०० च्या जमीन हस्तांतरण कायद्याने 'कृषक जमाती' ठरवून दिल्या आणि त्या यादीबाहेरच्यांना शेतजमीन विकत घेणे जवळजवळ अशक्य करून टाकले. सावकाराला आवर घालण्यासाठी म्हणून केलेल्या या कायद्याने शेतमजुरालाही बाहेरच ठेवले. (सावकारीवरील पाठ्यपुस्तकांत ही बाजू क्वचितच येते.) स्वातंत्र्यानंतर पंचायतीच्या लागवडयोग्य सामाईक जमिनीपैकी एकतृतीयांश दलितांना खंडाने देण्याची तरतूद झाली, तथापि त्यांच्या नावावर बोली लावून जमीन दुसऱ्यानेच कसावी, हा प्रकार सर्रास चालला. या हक्काच्या अंमलबजावणीसाठी संगरूर भागात २०१४ पासून संघटित लढा द्यावा लागला, यातच सारे आले.

जालंधरचा चामड्याचा व्यापार आणि परदेशी गेलेल्या नातलगांचा पैसा यांमुळे दोआबातील चर्मकार समाज जमीनदारावर अवलंबून राहिला नाही. हाती पैसा आला तशी त्याने स्वतःची रविदास गुरुद्वारे उभारली. कारण जाट जमीनमालकांच्या गुरुद्वाऱ्यात त्याला मत्था टेकता येई, कारभारात मात्र स्थान नसे. २००३ साली तल्हण गावी उसळलेला संघर्ष नेमका देवस्थानाच्या व्यवस्थापन समितीतील प्रतिनिधित्वावरूनच होता. तेव्हा या फुटीचे खापर केवळ डेऱ्यांच्या महत्त्वाकांक्षेवर फोडणाऱ्यांनी एकदा गावच्या गुरुद्वारा समितीची यादी आणि सामाईक जमिनीच्या खंडाचे कागद शेजारी ठेवून वाचावेत.