सगळेच असे असते तर...

नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमजवळ राहणाऱ्याला गाणं ऐकायला लांब जायची गरज नसते. जानेवारी २०२५ मध्ये तिथे कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा आम्ही बिल्डिंगच्या गच्चीवर उभं राहून फुकटात ऐकलं. त्यामुळे गेल्या कोजागिरीला मी वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूरला निघाले तेव्हा अम्मी म्हणाली, "गाणंच ऐकायचं तर रात्रभर ट्रेनमध्ये कशाला?" मामूंनी नेहमीचं विचारलं, "आणि नमाज?" (मामूंच्या फोनची रिंगटोन कव्वाली आहे, पण ते असो.)

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात २००७ पासून शरद पौर्णिमेच्या सुमारास लोकसंगीताचा महोत्सव भरतो. 'जोधपूर रिफ' म्हणतात त्याला. वाळवंटातलं संगीत ऐकायला मी पहिल्यांदाच गेले होते. परदेशी पाहुणे, महाग कॉफी, गाण्याकडे पाठ करून सेल्फी काढणारे, हे सगळं तिथे आहेच. पण एक मैफल पहाटे असते, जसवंत थड्यापाशी. अंधारात शाल गुंडाळून बसायचं आणि समोरचा किल्ला हळूहळू उजळताना पाहायचा. तिथे मी कमायचा पहिल्यांदा समोर बसून ऐकला. आंब्याच्या लाकडातून कोरलेलं, बकऱ्याच्या कातड्याने मढवलेलं, गजाने वाजवायचं वाद्य. आवाज जाड, जरासा घोगरा, घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा. वाजवणारे मांगणियार. आधी त्यांनी कृष्णाला हाक दिली, मग बुल्ले शाहचा कलाम, मग मूल जन्मल्यावर गायचं गाणं. मध्ये कुठे सांधा जाणवला नाही.

मांगणियार म्हणजे मागणारे. मराठी माणसाला हा शब्द फोडून सांगायला नको. त्यांच्यातल्या अनेकांना तो आवडत नाही, ते स्वतःला मिरासी म्हणवतात. जैसलमेर-बाडमेर भागातले हे मुसलमान, पण त्यांचे यजमान बहुतेक हिंदू, त्यातही राजपूत. त्यांच्यासारखेच लंगा, त्यांचे यजमान मात्र सिंधी सिपाही मुसलमान. यजमानाकडे जन्म असो, लग्न असो, हे येऊन गाणार, त्याची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवणार आणि बदल्यात धान्य, जनावर, पैसा घेणार. कोमल कोठारींनी विजयदान देथांबरोबर १९६० मध्ये बोरुंदा गावात रूपायन संस्थान काढलं, या लोकांची गाणी रेकॉर्ड केली, त्यांना गावाबाहेरच्या रंगमंचावर नेलं. आज साकर खान, अन्वर खान, लाखा खान ही नावं पद्मश्रीच्या यादीत आहेत, ती त्या वाटेने.

तर, मैफल संपल्यावर चहाच्या रांगेत पुण्याचं एक जोडपं भेटलं. वाळवंटात मराठी कानावर पडल्याचा आनंद दोन्ही बाजूंना झाला. मग नाव विचारलं. मग, "अगं, पण मराठी किती छान बोलतेस!" हे वाक्य आपल्यातल्या कुणी ऐकलेलं नाही? मी शाळेपासून त्यावर हसत आलेय, तशी हसले. काकू खरंच प्रेमळ होत्या. त्या मनापासून म्हणाल्या, "बघ ना, मुसलमान असून कृष्णाचं किती सुंदर गातात. सगळेच असे असते तर!"

मी मान डोलावली. त्याहून वाईट म्हणजे मला बरं वाटलं. जणू त्या प्रशस्तिपत्रकावर खाली बारीक अक्षरात माझंही नाव होतं.

परतीच्या गाडीत ती मान मला टोचत राहिली. 'असे' म्हणजे कसे? मांगणियार कृष्णाचं गातो ते त्याच्या आजोबांकडून आलं म्हणून, त्याची भाकरी त्यावर आहे म्हणून, आणि त्याला त्यात गोडी आहे म्हणून. ती देशभक्तीची तोंडी परीक्षा नाही. आपण मात्र टाळ्या वाजवताना त्याला परीक्षेला बसवतो आणि पास झाला म्हणून बाकीच्यांना नापास करतो.

आणि पास झालेल्याला मिळतं काय? जैसलमेर जिल्ह्यातल्या दांतल गावची २०१७ ची गोष्ट आठवा. नवरात्राचे दिवस होते. एक मांगणियार गायक देवळात गात होता. गाण्याने भोप्याच्या अंगात देवी यायची असते. ती आली नाही, गाणं नीट झालं नाही, असं म्हणून त्याला मारून टाकल्याचा आरोप झाला आणि त्या भोप्याला अटक झाली. गावातल्या मांगणियारांची घरं, लहानमोठी मिळून दीडशेहून जास्त माणसं, भीतीने गाव सोडून गेली. जो माणूस नवरात्रात देवीचं गात होता, त्याच्याहून 'असा' मुसलमान कुठून आणायचा?

दुसरी गोष्ट कमी रक्ताची आहे. जयपूरजवळच्या बगरूचे रमजान खान, म्हणजे मुन्ना मास्टर, भजनं गातात. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच्या जेमतेम दोन-तीन महिने आधी त्यांचा मुलगा फिरोज खान बनारस हिंदू विद्यापीठात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून नेमला गेला, तर मुसलमान नको म्हणून विद्यार्थी धरण्याला बसले. शेवटी त्यांना दुसऱ्या विभागात जावं लागलं. बापाने गायलं तर कौतुक, मुलाने शिकवलं तर आंदोलन.

म्हणून माझं म्हणणं आपल्याच लोकांशी आहे. आपण, चळवळीतली मुलंमुली, मांगणियारांचे व्हिडिओ 'गंगा-जमुनी' लिहून पुढे ढकलतो. मीही ढकललेत. ते पाठवताना आपण कुणाला तरी सांगत असतो की बघा, आम्हीही चांगले आहोत. त्या गायकाला किती मानधन मिळालं, त्याची मुलगी शाळेत जाते का, गावात त्याला कुठे बसवतात, हे आपण विचारत नाही. 'निंबूडा' मुळात मांगणियारांचं गाणं. १९९९ च्या 'हम दिल दे चुके सनम'मुळे ते आपल्या प्रत्येक हळदीत वाजलं. कुणाचं, हे कुणी विचारलं? आणि हो, त्यांना कमी लेखणारे फक्त हिंदू नाहीत. गाणारी-वाजवणारी जात म्हणून त्यांना खालच्या पायरीवर ठेवणाऱ्यांत मुसलमानही आहेत. आपल्यात जात नाही असं म्हणणाऱ्याने एकदा मिरासी हा शब्द शिवीसारखा कसा वापरला जातो ते ऐकावं.

मामूंच्या प्रश्नालाही टाळायचं नाही. गाणं हराम की हलाल यावर आलिमांचा वाद शेकडो वर्षांचा आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर अख्खं प्रकरण लिहिलं, गाण्याला मुळात मनाई नाही या बाजूने. ज्यांना पटत नाही त्यांनी ऐकू नये. पण हा वाद कधी नव्हताच, असं सांगून आपल्या घरातली गाणी पुसली गेली, त्याचं काय?

कारण गाणी होती. माझं आजोळ रायगडातलं, कोकणी बोलणारं. नानी सांगायची की हळदीच्या रात्री बायका ढोलकीवर पहाटेपर्यंत गायच्या, नवऱ्या मुलाच्या आईची टर उडवणारी गाणी सगळ्यात जास्त. माझ्या आईच्या लग्नात ती अर्ध्या रात्रीत आटोपली. माझ्या बहिणीच्या लग्नात डीजे होता आणि गाण्यावर कुणी आक्षेप घेतला नाही. आक्षेप बायकांच्या गळ्यावर होता.

मांगणियारांतही बायका घरी गातात, रंगमंच पुरुषांचा. रुक्माबाई मांगणियार, पोलिओने अधू झालेली बाई, तरीही लोकांसमोर गायली आणि त्यासाठी तिला आपल्याच लोकांचे बोल खावे लागले. २०११ मध्ये ती गेली. जोधपूरच्या त्या पहाटे रंगमंचावर एकही बाई नव्हती, हे मला तिथे बसून जाणवलंही नाही. गाडीत जाणवलं.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी पनवेलला खालाकडे गेले. नानीची गाणी आता तिलाच येतात, तीही सगळी नाहीत. फोन समोर ठेवला, म्हटलं, गा. ती लाजली, मग दोन ओळी पुटपुटली, मग थांबून म्हणाली, "आधी खिडकी लाव."

मी खिडकी लावली. चार गाणी मिळाली. पाचव्याचं फक्त ध्रुपद आठवतंय, पुढच्या कडव्यासाठी म्हसळ्याच्या एका आजींना फोन करायचाय.