भोक मोठं करण्याआधी फटी बुजवा!

आमच्या आयटीत सर्व्हर स्लो झाला की पहिला उपाय ठरलेला : अजून रॅम टाका! मेमरी लीक कुठे होतेय हे बघायला कुणाला वेळ नसतो. हीच वृत्ती घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींत दिसली की मात्र माझं डोकं सटकतं. सर्व्हर रिस्टार्ट करता येतो. टेक-ऑफनंतर इंजिन बसलं तर समोर दिसेल त्या शेतात उतरायचं, एवढंच हातात उरतं.

अमेरिकेतल्या व्हॅन्स एअरक्राफ्टची किट्स आणून लोकांनी बांधलेली ११ हजारांवर विमानं आजवर उडाली आहेत. बहुतेकांत लायकमिंगचं एअर-कूल्ड इंजिन. रेडिएटर नाहीच, मोटरसायकलसारख्या फिन्स. सिलिंडर हेडची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस. इंजिन टिकवायचं तर ४००च्या आत ठेवा, असं कंपनीच सांगते. वर चढताना पॉवर फुल आणि वेग कमी, त्यामुळे काटा सरकतो. मग हमखास सल्ला येतो : "पुढचं भोक मोठं कर!"

अहो, हवा वाहते ती दाबातल्या फरकामुळे! पुढून आलेली हवा सिलिंडरच्या वर कोंडते, फिन्समधून खाली उतरते आणि काउलिंगच्या तळाशी बाहेर पडते. बॅफलचं रबर नीट बसलं नसेल तर ती फिन्सना न शिवताच फटीतून पळते. तिथे भोक मोठं करणं म्हणजे फुटक्या बादलीवर नळ मोठा सोडणं. आणि बाहेरची वाटच अरुंद असेल, तर जास्तीची हवा तोंडाशीच सांडते. कूलिंग तेवढंच, ड्रॅग मात्र वाढला.

म्हणून आधी अंधारात काउलिंगच्या खालच्या भागात दिवा लावा आणि पुढच्या भोकांतून बघा. उजेड दिसेल तिथे फट. ती बुजवा. मग गवंडी लेव्हलला वापरतात तसली पारदर्शक नळी घ्या, थोडं पाणी भरा, एक टोक सिलिंडरच्या वर, दुसरं खाली. उडताना पाण्याच्या पातळीत पडणारा फरक हाच तुमचा दाब. तो कमी भरला तरच कापाकापी. तीही एका वेळी एकच, आणि बहुतेकदा बाहेरच्या वाटेपासून.

"आम्ही हौशी, प्रयोग करणारच!" जरूर करा. अमेरिकेत अशा विमानावर 'एक्सपेरिमेंटल' असं लिहावंच लागतं. पण न मोजता करवत चालवली तर तो प्रयोग कसला? नुसता जुगाड. आणि शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला त्यातला फरक कळत नसतो, तो तुमच्या भरवशावर बसलेला असतो.